चार शिळांच्या दाराची हकीकत

श्री. ज्याने पहिला डाव मांडिला आणि मांडिला तैसाच मोडिला, त्या आद्य खेळियास नमन असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आषाढ वद्य अष्टमी, शुक्रवार, ते दिवशी खेळदौलतीतील उन्हाळी उमेदवार निरोप घेऊन चहूंकडे पांगले, ते कैसे पांगले आणि दाराचा मजकूर काय जाहला, हे साद्यंत लिहावे म्हणोन विचारणा जाहली, त्यावरून हकीकत लिहिली ऐसीजे. दौलतीचे नाव लिहीत नाही. कारण की, उमेदवार पहिले दिवशी हजर होताच त्यांजकडून कागदावर सही घेतली की, आतील गोष्ट बाहेर बोलू नये, आणि चौघांनीही तो कागद न वाचता सही ठोकिली, परंतु सही ती सही. सबब दौलत एवढेच म्हणावे.

दौलत ती काय, टेकडीखाली काचेच्या इमारतीत एक मजला, हाडे गोठविणारा एसी, आणि तेथे बरीच माणसे कानास हेडफोन लावून मोबाइलचे व कॉम्प्युटरचे गेम रचीत असत. मालकीण सौदामिनीबाई केळुसकर. बाई कर्तबगार, नजर करडी, बोलणे थोडे; अवघे त्यांस बाईसाहेब म्हणत. दौलतीचा शिरस्ता ऐसा की, दरसाल वैशाखमासी कॉलेजांतील पोरे उमेदवारीस घ्यावी, मराठीत ज्यास इंटर्नशिप म्हणतात ती हीच, आणि उन्हाळाभर राबवून त्यांजकडून एक लहान गेम करवावा, मग शेवटचे दिवशी बाईसाहेबांनी खासा बसून तो खेळावा, पसंत पडल्यास दौलतीच्या नावे जगात सोडावा, न पडल्यास कपाटी टाकावा, आणि सायंकाळी सहा वाजता उमेदवारांचे लॉगिन बंद व्हावे. सहानंतर त्यांची एक ओळदेखील आत जाणार नाही. मग कोणी कितीही गयावया करो.

यंदाचे साली चौघे आले. मिरजेचे सर्फराज मुजावर, चित्रे काढण्यात नामी. सांगोल्याचे प्रज्योत वाघमोडे, कोड लिहिण्यात तरबेज आणि तोंडाने फटकळ. वसईच्या लविना डाबरे, यांजकडे आवाजांचे काम, सबब ताट, बादली, दाराची कडी, जे हाती येईल ते बडवून टिपून घेत. आणि लातूरच्या वेदश्री सोनटक्के, यांजकडे डावाची रचना, म्हणजे खेळणाराने कोठून जावे, कोठे अडावे आणि कशाने सुटावे हे ठरविणे. वये विशीच्या आतबाहेर, परंतु दरबारी लेखनात मान द्यावा लागतो म्हणोन राव, मियां, बाई ऐसे लिहिले. एकमेकांत ते अरेतुरेच करीत, आणि ज्याची भाषा जैसी ऐकिली तैसीच उतरविली, सुधारली नाही; बाईसाहेबांची मात्र मान राखोन दरबारी केली.

हकीकत मुख्यत्वे वेदश्रीबाईंची. बाई हुशार, परंतु माणसांत मिसळण्याचे भय फार. कॉलेजात दोन वर्षे काढिली, तेथे कॅंटीनच्या कोपऱ्यात एकट्या जेवीत आणि कोणी पाहू नये म्हणोन समोर फोन धरून बसत. दौलतीत आल्यावरही तोच क्रम. दुपार जाहली की डबा उचलून जिन्यात जावे, दोन पोळ्या गिळाव्या आणि परत यावे. ऐसे चार दिवस चालिले, मग पाचवे दिवशी प्रज्योतराव जिन्यात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “आगं ए, तुझ्यापायी आमची भाकरी वाळाय लागली. चौघं आल्याबिगर डबा उघडायचा न्हाय असं ठरलंय आमचं. चल की!”

“कधी ठरलं?” बाईंनी विचारिले.

“आत्ता. तू हितं बसलीस तवा.”

मग बाई उठल्या आणि गेल्या, आणि ते दिवसापासोन चौघांचा तो नेमच जाहला. कोणी मीटिंगमध्ये अडकला तर तिघे भुकेने कासावीस होऊन टेबलावर बोटे वाजवीत बसत, परंतु झाकण उघडीत नसत. सर्फराजमियांच्या डब्यातील खिमा लविनाबाईंनी लांबवावा, लविनाबाईंच्या डब्यातील सुके बोंबील पाहोन माळकरी घरच्या प्रज्योतरावांनी नाक धरावे, आणि वेदश्रीबाईंनी इतके हसावे की ठसका लागावा. इतके हसल्याचे बाईंस लहानपणानंतर स्मरत नव्हते. आणि या नेमातूनच बाईंस गेममधील दार सुचले.

गेमचे नाव बारव. जुनी खोल विहीर, चारी बाजूंस पायऱ्या, चार गडी हाती मशाल घेऊन आपापल्या बाजूने खाली उतरतात, वाटेत पायरी ढासळते, वटवाघळे अंगावर येतात, मशाल विझू पाहाते, ते सारे चुकवीत तळास पोहोचतात. तळाशी दगडी दार, दारापुढे चार शिळा. चार शिळांवर चौघे एके समयी उभे राहिले तरच दार उघडावे आणि आत पाणी लागावे. रचना वेदश्रीबाईंची, कोड प्रज्योतरावांचा, दगडावरील शेवाळ सर्फराजमियांचे, आणि दार सरकतानाचा आवाज लविनाबाईंनी घरच्या पाट्यावर वरवंटा घासून केला होता. उन्हाळाभर हा गेम चौघांनी शेकडो वेळा खेळून पाहिला, एका टेबलास चार लॅपटॉप लावून, “थांब, मी येतेय,” “लवकर ये रे,” ऐसे ओरडत. मात्र एकट्याने कधी कोणी खेळून पाहिला नाही. कोणी एकटा राहिलाच नव्हता, तर पाहाणार कोण? एवढे शिकलेले चौघे, आणि चूक केली ती ही.

निरोपाचे दिवशी तिसरे प्रहरी बाईसाहेब आपल्या केबिनीत एकट्या बसल्या आणि गेम सुरू केला. चौघे काचेबाहेर उभे. बाईसाहेब पायऱ्या उतरल्या, शेवाळाजवळ थांबून निरखून पाहिले, वटवाघळे आली तेव्हां दचकल्या, ते पाहोन लविनाबाईंनी सर्फराजमियांचा दंड इतका आवळला की मियां कळवळले. मग बाईसाहेब तळास पोहोचल्या आणि एका शिळेवर उभ्या राहिल्या. दार हलेना. दुसऱ्या शिळेवर गेल्या. हलेना. तिसरी पाहिली, चौथी पाहिली, फिरोन पहिलीवर आल्या, आणि बाहेर प्रज्योतरावांनी कपाळावर हात मारिला आणि “आयला!” इतकेच म्हणाले.

बाईसाहेबांनी आत बोलाविले आणि पुसिले, “दार बिघडले आहे काय?”

“नाही मॅडम,” वेदश्रीबाई म्हणाल्या. “चौघं लागतात.”

“चौघे मी कोठून आणू?”

तेव्हां चौघे धावत टेबलाशी गेले, तिघे गेममध्ये शिरले, धडाधड पायऱ्या उतरून बाईसाहेबांशेजारी तीन शिळांवर उभे राहिले, आणि दार सरकले. आत काळे स्वच्छ पाणी, त्यात चार मशालींचा उजेड. बाईसाहेब पुष्कळ वेळ पाहात राहिल्या. मग हेडफोन काढून बोलिल्या, “काम उत्तम आहे. या दौलतीत बरेच दिवसांत ऐसे पाहिले नाही. परंतु खेळणारा दिवसभर राबून घरी येईल, खोलीत एकटा बसेल, तो तिघांस कोठे हुडकील? सहाचे आत एकट्यास दार उघडेल ऐसे करा. मग दोन महिन्यांत गेम सोडू, चौघांच्या नावांनिशी. न जाहल्यास कपाटी जाईल. दार सोनटक्क्यांचे आहे, ठरवायचे ते त्यांनीच ठरवावे.” इतके बोलोन बाईसाहेब उठल्या. आणि अवघ्या गेमचे काय व्हावयाचे ते आता वेदश्रीबाईंवर आले.

टेबलाशी येऊन प्रज्योतरावांनी फाइल उघडिली आणि म्हणाले, “हितं चार लिवलंय. तितं एक लिव. दोन मिनटांचं काम हाय.”

“मी नाही लिहिणार,” वेदश्रीबाई म्हणाल्या.

“वेदे, येडी का खुळी तू?”

लविनाबाई म्हणाल्या, “कॉम्प्युटरनं चालवलेले तीन गडी उभे करू ना शिळांवर. दार तसंच राहील.”

“त्याला आठवडा जाईल. आपल्याकडं दोन तास बी न्हायत.”

“मग कपाटात जाऊ दे,” वेदश्रीबाई म्हणाल्या.

हे ऐकोन सर्फराजमियां, जे सहसा चढा आवाज काढीत नसत, ते रागे भरले. “तुझ्या एकटीचा आहे काय गेम? अब्बांनी गेल्या वर्षी विचारलं, चित्रं काढून पोट भरतंय काय रे, मी म्हटलं दाखवतो. आता काय दाखवू त्यांना, कपाट?”

तेव्हां वेदश्रीबाईंचा बांध फुटला. “तुम्हांला काय! तुम्ही उद्यापासनं नसणारच आहात. हे दार एकट्यानं उघडायला लागलं, तर आपण चौघं कशाला होतो मग? सांगा ना कोणीतरी! मला परत त्या कॉलेजात जायचंय. तिथं माझ्यासाठी कोणी थांबत नाही. हे एकच ठिकाण होतं, जिथं मी नसले तर अडायचं.” ऐसे बोलोन त्यांनी तोंड फिरविले आणि ओढणीने डोळे पुसिले. पलीकडील टेबलाचे लोक हेडफोन असूनही इकडे पाहू लागले, लोकांस काय, तमाशा फुकट.

मग लविनाबाईंनी खुर्ची ओढून जवळ घेतली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत राहिल्या. बोलिले ते प्रज्योतराव, आणि त्यांचा नेहमीचा फटकळपणा तेव्हां कोठे गेला कोण जाणे. म्हणाले, “एक इचारू? राग धरू नको. आपण भेटायच्या आदी, कॉलेजात असताना, रात्री खोलीवर कोण गेम खेळायचं तुझ्यासंगं?”

“कोणी नाही. एकटीच खेळायचे.”

“मंग ही बारव तुला तवा मिळाली असती, तर पार तळापातूर गेली असतीस, आन् दाराभायेरच बसून राहिली असतीस. अशी किती पोरं असतील? त्यास्नी तू भायेर ठेवणार?”

वेदश्रीबाईंस आपली खोली दिसली, आणि ती जी कोणी पूर्वीची वेदश्री, तिच्यासाठी जीव कळवळला. शिपाई समोसे आणि केक ठेवून गेला, त्यास कोणी हात लाविला नाही. मग बाईंनी लॅपटॉप आपल्याकडे ओढिला, चाराचा आकडा पुसिला आणि एक लिहिला.

आता दौलतीत ऐसा नियम की, बदल केला म्हणजे खेळून पाहिल्यावाचून पुढे पाठवू नये. सबब तिघांनी आपले लॅपटॉप मिटले आणि उठोन वेदश्रीबाईंच्या खुर्चीमागे उभे राहिले, आणि बाई उन्हाळ्यात पहिल्याने बारवेत एकट्या उतरल्या. पायऱ्या त्याच, वटवाघळे तीच, परंतु समोरच्या तिन्ही बाजू काळोखात, कोणाची मशाल नाही. तळास आल्या, शिळेवर पाऊल ठेविले, आणि पाट्यावरवंट्याचा तो आवाज जाहला आणि दार उघडले. उघडले खरे, परंतु बाई आत जाईनात. उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि मागे वळोन पायऱ्यांकडे पाहू लागल्या, जैसे रोज पाहात, कोण मागे राहिले ते.

सर्फराजमियां हळूच म्हणाले, “वेदे, दार उघडलंय.”

“हो.”

“मग जा की आत,” लविनाबाई म्हणाल्या. “आम्ही कुणी येत नाही आता. तू जा.”

बाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि आत गेल्या. पाण्यात एकच मशाल दिसली. मग गेम पुढे पाठविला, तो पोहोचल्याची खूण आली, आणि थोडक्याच अवकाशात सहा वाजले व चौघांचेही लॉगिन बंद पडले. त्यानंतर चौघांनी समोसे खाल्ले, ते गार होऊन चामट जाहले होते, तरी एकही उरला नाही. लिफ्टपाशी प्रज्योतरावांस मिठी मारावी की हात मिळवावा हे कळेना, मग वेदश्रीबाईंनीच पुढे होऊन मिठी मारिली, आणि राव म्हणाले, “बास की आता, लोकं बगाय लागली,” आणि स्वतःच सोडीनात. “फोन कर,” “तू कर,” “पोहोचलीस की कळव,” ऐसे बोलणे जाहले. मग रिक्षा आल्या आणि ज्याची वाट त्याने धरिली.

येणेप्रमाणे उमेदवारी संपली. गेम पुढे भाद्रपदमासी सुटला आणि पुष्कळ लोकांनी खेळिला. त्यात एकट्याने खेळणारेच फार निघाले आणि दार सर्वांस उघडले. मिरजेस अब्बांनी तो पाहिला, मान हलविली आणि शेजाऱ्यांस बोलावून दाखविला. चौघे फोनवर बोलत, पुढे कमी बोलत, आणि पुन्हा एके जागी जेवावयास जमले नाहीत. वाईट जाहले. जाहले तैसे लिहिले.