पंधरा मिनिटांचा परदेश

मुलीने पाठवलेले विमानाचे तिकीट घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून वाचले. निघणार अकरा दहाला, पोचणार अकरा पंचवीसला.

तीन वर्षे ती "या ना बाबा" म्हणत होती आणि तीन वर्षे ते गुडघा, दुकान, गिऱ्हाइके अशी कारणे पुढे करत होते. खरे कारण विमानाची भीती. पण तिचा फोन ठेवला की दिवसभर चिमट्यातून स्क्रू निसटत राहायचे.

"पंधरा मिनिटं?" शेजारच्या शिंप्याने विचारले. "अंतर किती?"

"चौदाशे किलोमीटर."

"म्हणजे तासाला साडेपाच हजारांच्या वर!"

"विज्ञान पुढे गेलंय रे. आणि देश शेजारचाच. पंधरा मिनिटं काय, डोळे मिटून काढीन."

त्यांनी तसेच केले. पोरीला गरम जेवण मिळावे म्हणून डबा मांडीवर घेतला आणि विमान सुटताच डोळे गच्च मिटले. सोळाव्या मिनिटाला पट्टा सोडून ते उभे राहिले.

"काका, बसून घ्या," हवाईसुंदरी धावत आली.

"उतरायचंय."

"आत्ता? अजून दोन तास आहेत!"

घड्याळजी मटकन बसले. "दोन तास उशीर," ते शेजारच्या बाईंच्या कानात म्हणाले. "रस्ता चुकलाय. सांगत नाहीत."

बाईंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि मागच्याला सांगितले. मागच्याने त्याच्या मागच्याला. पाच मिनिटांत अकरा जणांनी बोलावण्याची बटणे दाबली. शेवटी वैमानिकाने जाहीर केले, की विमान अगदी वेळेवर आहे.

"असंच म्हणतात," बाई पुटपुटल्या.

पोरगी दाराशी ताटकळली असेल, घाबरली असेल, परतही गेली असेल, एवढेच घड्याळजींच्या मनात घोळत होते.

विमानतळावर भिंतीवरचे घड्याळ अकरा पंचवीस दाखवत होते. मनगटावर दीड वाजायला आला होता. त्यांना राहवेना.

"साहेब, तुमचं घड्याळ दोन तास मागे पडलंय. शिडी द्या, बघतो."

शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याने मान वर केली नाही. "घड्याळ बरोबर आहे, काका. देश बदललाय."

चाळीस वर्षांच्या धंद्यात घड्याळजी असे कधी ओशाळले नव्हते. बाहेर लेक उभी होती. तिला चष्मा लागला होता, हे फोनवर कधी कळलेच नव्हते.

"डबा गार झाला गं."

"असू दे हो बाबा," म्हणून तिने डब्यासकट त्यांना मिठी मारली.

"हे वेळेचं तुला माहीत होतं ना?"

"मी नुसतं तिकीट पाठवलं. खोटं कुठे बोलले?"

आठ दिवसांनी तिने परतीचे तिकीट समोर ठेवले. निघणार दोनला, पोचणार सव्वासहाला.

"बाप रे, सव्वाचार तास!" घड्याळजी म्हणाले. "येताना पंधरा मिनिटं आणि जाताना एवढे? या वयात नाही झेपायचं. महिनाभर राहतो. तोवर एखादं जलद विमान निघेल."

"अहो बाबा, ते घड्याळाचं असं असतं, की..."

"घड्याळातलं तू मला शिकवू नकोस."

आणि आठ दिवस घरच्याच वेळेवर ठेवलेले मनगटावरचे घड्याळ काढून त्यांनी काटे दोन तास मागे घेतले.