हैबतरावांच्या दिवाणखान्यात हुकमी दिवे आले त्याची हकीकत

श्रीदीपनारायण प्रसन्न. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक मासी, तिसऱ्या मजल्यावरील राज्यात जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहिले आहे. राज्याचे धनी हैबतराव. नाव हैबत, परंतु स्वभावे बहुत भिडस्त. दोन वर्षांमागे वडील भगिनी तानूअक्का यांचे साठीचे समारंभी अक्कांनी स्वतां रचिलेली आरती म्हणावयास घेतली, आणि अठरावे कडवे चालले असता रावांचे मुखातून, "अजून किती राहिलंय?" ऐसे उद्गार निघाले, आणि माइक निकट होता, सबब अवघ्या मांडवाने ऐकिले. मग अक्का रुसल्या, आणि येणेजाणे तुटले, आणि रावांचा दिवाणखाना सुना जाहला. दर आदितवारी अक्का येऊन ज्या कोचावर बसत, तेथे आता इस्त्रीचे कपडे बसो लागले.

राणीसाहेब पारूबाई बोलिल्या, "अहो, एक फोन करा अक्कांना. चुकलं म्हणा, संपलं." परंतु रावांस तितुके बोलणे गड घेण्याहून अवघड. तेव्हा तीन दिवस मोबाइलात शोध करून त्यांनी निश्चय केला की, दोष आपला नव्हे, ट्यूबलाइटीचा. "पांढऱ्या उजेडानं घर उदास होतं, पारू. शास्त्र आहे तसं!" मग हुकमी दिवे आणविले. त्यांस सोळा लक्ष रंग, आणि ते मनुष्यवाणी ऐकोन वर्तत. रावांनी त्यांस दोन शब्द शिकविले: "उजळ" म्हणता पेटावे, "बास" म्हणता विझावे. मग भिंती केशरी जाहल्या, आणि जांभळ्या जाहल्या, आणि राव कोचावर बसोन प्रसन्न होण्याची वाट पाहते जाहले. प्रसन्नता न आली.

पारूबाईंनी ही दशा पाहिली आणि परस्पर अक्कांस फोन केला. पंचमीस सायंकाळी अक्कांची स्वारी दाखल जाहली. रावांनी केशरी प्रकाश योजिला, चहा आणविला, आणि जे बोलावयाचे ते सोडोन दिव्यांचेच वर्णन आरंभिले. "अक्का, हा रंग सूर्यास्ताचा. यानं मन शांत होतं. आणि हा बघ, समुद्राचा..." अक्का निळ्या उजेडात निळ्या होऊन ऐकत होत्या. दोन वर्षांनी भावाचे घरी येऊन हेच ऐकावयाचे, ऐसे मनी येऊन त्या कडाडल्या, "बास!"

तत्क्षणी अवघे दिवे गेले.

दिवाणखाना काळाकुट्ट जाहला. "उजळ" हा शब्द रावांचे जिभेवर आला होता. परंतु अक्कांचा चेहरा दिसेना, आणि आपलाही त्यांस दिसत नसेल, हे ध्यानी येऊन रावांनी तो शब्द गिळिला, आणि हलकेच बोलिले, "अक्का, त्या दिवशी मी चुकलो."

मग अंधारातून शब्द आले, "ऐकू आलं नाही. त्या दिवशी कसा मांडवभर ऐकू गेलास?"

"चुकलो, अक्का!" राव मोठ्याने बोलिले. शेजारचे राज्यातही ऐकू गेले.

"पारू, ऐकलंस ना?"

"ऐकलं, वन्सं."

"मग दिवा लाव रे, हैबत्या. नको, थांब जरा. नाक पुसू दे."

मग पुसोन जाहले, आणि राव "उजळ" बोलिले, आणि दिवे जांभळे पेटले, आणि अक्का म्हणाल्या, "हा रंग बदल आधी. तिघंही आजारी दिसतोय." त्या आठ दिवस राहिल्या. जाताना पारूबाईंस म्हणाल्या, "अठरा कडवी जास्तच होती गं. पण त्यानं बोलायचं नव्हतं."

येणेप्रमाणे दिवाणखान्याची चित्तवृत्ती सुधारली. पुढे जो भेटेल त्यास हैबतराव ते दिवे घेण्याचा आग्रह करीत. कोणी पुसिले की सोळा लक्षांतील कोणत्या रंगाने गुण आला, तर चहा मागवीत. हकीकत समाप्त.