टाळ्यांची शिस्त

अंशुमन व्हिएन्नात आठ वर्षं पियानो शिकून दिल्लीत मयूर विहारला परतला, तेव्हा सोसायटीने त्याला पहिला प्रश्न विचारला तो लिफ्टमध्ये पियानो मावेल का, हा. पुढे तो नोएडातल्या मुलांच्या शिकवण्या करू लागला. शनिवार-रविवारी एका हॉटेलच्या लॉबीत, चेक-इनच्या रांगेसमोर, मोठमोठ्या संगीतकारांच्या रचना तो हळू आवाजात वाजवायचा. आवाज चढला की मॅनेजर लांबूनच हाताने खूण करायचा.

आता मात्र संधी चालून आली होती. गोव्यातल्या एका संगीत महोत्सवासाठी निवड करणाऱ्या देविका सान्याल त्याला ऐकायला येणार होत्या. पसंत पडला, तर लॉबी सुटणार होती. त्यांची अट एकच होती: ऐकायचं ते भरलेल्या सभागृहात.

सभागृह भरायचं काम त्याच्या वडिलांनी, श्रीरंगरावांनी, अंगावर घेतलं. केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला मराठी मंडळाची माणसं जमवणं अवघड नव्हतं. अवघड होतं त्यांना आवरणं. मागच्या खेपेला वादनात जरा कुठे विसावा आला, की मंडळी संपलं समजून टाळ्या पिटत होती, आणि त्या दिवशी अंशुमन जेवला नव्हता. म्हणून श्रीरंगरावांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रीतसर सूचना काढली, की कलाकार स्टुलावरून उठून उभा राहीपर्यंत कुणीही टाळी वाजवू नये. सभासदांपैकी निम्मे त्यांच्या हाताखाली काम केलेले होते. अंशुमन त्या ग्रुपवर नव्हता, त्यामुळे त्याला कळवायचं कुणाला सुचलं नाही.

इकडे व्हिएन्नातल्या बाईंनी अंशुमनच्या मनावर एकच गोष्ट ठसवली होती. वादन संपलं, की हात मांडीवर ठेवून बसून राहायचं. टाळ्या सुरू व्हायच्या आधी उठणं म्हणजे टाळ्या मागणं.

कार्यक्रमाच्या दिवशी त्याने मनापासून वाजवलं. शेवटचा सूर विरला. त्याने हात मांडीवर ठेवले आणि वाट पाहिली. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

पहिल्या रांगेत अंशुमनची आई, हेमलताबाई, श्रीरंगरावांकडे कलल्या. "अहो, संपलं वाटतं."

"उठलाय का तो?"

"नाही."

"मग संपलं नाही."

आपण इतकं वाईट वाजवलं असेल, असं अंशुमनला वाटलं नव्हतं. निदान शेवट गोड करावा म्हणून त्याने जादाची एक रचना वाजवली. पुन्हा हात मांडीवर. पुन्हा शांतता. मागे उल्का गोखल्यांना राहवेना, त्यांचे हात वर आले, पण श्रीरंगरावांनी मान वळवून नुसतं पाहिलं आणि त्यांनी ते पदराआड नेले.

मग त्याने आणखी एक रचना वाजवली, मग त्याहून अवघड अशी दुसरी, मग नोएडातल्या मुलांना शिकवायचा तो बोटांचा व्यायाम. शेवटी येत होतं ते सगळं वाजवून संपलं. गोवा गेला, आता जन्मभर लॉबी, हे त्याने मनाशी कबूल केलं आणि निमूटपणे निघून जावं म्हणून तो उठला.

सभागृह दणाणलं. अंशुमन इतका दचकला, की मटकन खाली बसला. टाळ्या तत्क्षणी थांबल्या. तो घाबरत अर्धवट उठला; निम्म्या लोकांनी वाजवल्या, उरलेले नियमाचा विचार करत राहिले. अखेर तो सरळ उभा राहिला, तेव्हा कुठे सगळ्यांचं एकमत झालं.

कार्यक्रमानंतर देविका सान्याल अंशुमनला ओलांडून थेट श्रीरंगरावांकडे गेल्या. पियानोवादक त्यांनी पुष्कळ ऐकले होते, पण असे श्रोते आपल्या देशात असतील यावर त्यांचा आजवर विश्वास नव्हता. संपूर्ण मंडळाला त्यांनी महोत्सवाचं आमंत्रण दिलं.

"और अंशुमन को भी ले आइए," त्या म्हणाल्या. "बजाने के लिए कोई तो चाहिए."

अंशुमनने लगेच होकार दिला. मानापमानाचा विचार लॉबीत बसणाऱ्याला परवडत नाही. कॅबमध्ये बसल्यावर मात्र त्याला राहवलं नाही.

"बाबा, तुम्हाला कसं वाटलं? वाजवणं, म्हणजे."

श्रीरंगराव म्हणाले, "आता गोव्यालाच नीट ऐकेन, यार. आज सगळं लक्ष तुझ्या गुडघ्यांकडे होतं."