गाणेबाईंची पोस्टरं

"चहा नको," म्हणत तपासनीसांनी बायकोच्या ओठांपर्यंत गेलेला कप काढून घेतला आणि परत ट्रेमध्ये ठेवला. "चहा म्हणजे वस्तुरूप देणगी. हिशेबात दाखवावी लागते."

घरची बाई ओशाळली. गाणेबाईंनी तिला हसून नमस्कार केला, मत मागितलं आणि जिन्यात आल्यावर नवऱ्याला धारेवर धरलं.

"अहो, अशानं मतं मिळतील की शिव्या?"

"आज चहा देतात, उद्या टेंडर मागतात. माणूस उगाच चहा देत नाही."

त्यांचाही इलाज नव्हता. विमा कंपनीत त्यांचं काम दावे तपासण्याचं. दुकान जळालं की जाळलं, याचा छडा लावण्यात हयात गेलेली. रस्त्यात कुणी नमस्कार केला तरी घरी येईपर्यंत तो का केला असेल याचा विचार चालायचा. गाणेबाई घरी गाण्याचे क्लास घेत. यंदा त्या वॉर्डातून अपक्ष उभ्या राहिल्या, तेव्हा प्रचार समितीच्या खजिनदारपदासाठी दुसरं नाव पुढे आलंच नाही.

प्रचाराचा दुसरा आठवडा उजाडला आणि चौकात बाईंचं पोस्टर झळकलं. चांगलं दारभर उंच, रंगीत. 'आपल्या हक्काच्या बाई, आता सभागृहात!' दुपारपर्यंत बसथांब्यावर, पिठाच्या गिरणीवर, दवाखान्याच्या भिंतीवर, जिकडे तिकडे बाईच बाई.

"किती छान फोटो आलाय!" बाई हरखल्या. "कुणी लावली असतील हो?"

"तेच तर! आपण लावली नाहीत. खाली छापखान्याचं नावसुद्धा नाही." तपासनीसांचे डोळे बारीक झाले. "हे कंत्राटदाराचं काम आहे."

कंत्राटदार म्हणजे बाईंच्या विरोधात उभे असलेले उमेदवार.

"ते माझी पोस्टरं कशाला लावतील?"

"हा खर्च तुझ्या नावावर चढावा म्हणून! मर्यादा ओलांडली की निवडून येऊनही घरी बसशील."

"कुणी कौतुकानं लावली असतील, हे तुमच्या मनातसुद्धा येत नाही ना?"

ते खरोखरच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, रस्त्यावर सामसूम असताना, तपासनीस बादली आणि खरवडणी घेऊन निघाले. गिरणीवरचं पोस्टर नाकापर्यंत निघालं असेल-नसेल, तोच मागून कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळी तो फोटो वॉर्डातल्या घराघरांत मोबाइलवर पोचला. खाली लिहिलं होतं, 'ज्यांना घरचं मत नाही, त्यांना आपलं कशाला?'

त्या रात्री गाणेबाईंनी ताट पुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "मी पुढे गेलेलं तुम्हाला बघवत नाही, असं सरळ सांगा ना."

"अगं, तुझ्यासाठीच..."

"नाकापर्यंत खरवडलंत मला!"

तपासनीसांची रात्र कूस बदलण्यात गेली आणि सकाळी कंत्राटदारांचा माणूस दारात हजर. "साहेब, आमच्याकडे या. तुमच्यासारखा खमक्या माणूस हवाच आहे आम्हाला." तपासनीसांनी त्याच्या तोंडावर दार लावलं. मागं वळले तर बाई उभ्या. त्यांनी नेमकं 'आमच्याकडे या' एवढंच ऐकलं होतं. आता संशयाची सुई घरातच फिरू लागली.

तशात निवडणूक कार्यालयातून बोलावणं आलं. तपासनीस एकटेच गेले. पोस्टर फाडल्याची चौकशी होती; त्यांनी उलट कंत्राटदारांवरच आरोप ठेवला. अधिकारीबाई शांतपणे म्हणाल्या, "पोस्टरं त्यांनी छापलेली नाहीत. छापखान्याकडून नाव मिळालंय. गृहस्थ बाहेरच बसलेत."

शिपायानं आत आणलं ते खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका! घरीच घड्याळं दुरुस्त करणारे, मुंगीसुद्धा पायाखाली येऊ न देणारे.

"काका, तुम्ही?"

"चुकलंच. नियमाचं ठाऊक नव्हतं हो. पेन्शन साठवली होती."

"बाईंवर एवढी श्रद्धा?" तपासनीसांचा आवाज प्रथमच हळवा झाला.

"श्रद्धा नाही... आशा." काकांनी मान खाली घातली. "वाटलं, निवडून आल्या की वेळ मिळणार नाही. क्लास बंद होतील. घड्याळ कानाला लावतो, पण टिकटिक ऐकू येत नाही हो. वरून सा ऐकू येतो. तोसुद्धा तीस जणांचा."

अधिकारीबाईंनी चष्मा पुसायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "उमेदवारानं हा खर्च मान्य करून हिशेबात दाखवला, तर विषय मिटेल. नाहीतर विनासंमती खर्चाचा गुन्हा यांच्यावर."

तपासनीस घरी आले. आयुष्यभर जे दिसलं ते तोंडावर सांगणारा माणूस दारात क्षणभर घुटमळला.

"कळलं का कोण ते?" बाईंनी विचारलं.

"काका. खालचे." ते चपला काढायला वाकले. "म्हणाले, तुझं गाणं... सतत कानात असतं त्यांच्या."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे संमतीपत्रावर सही केली आणि नवऱ्याला माफही करून टाकलं. खर्च मर्यादेच्या आतच बसला.

बाई निवडून आल्या. निकालाच्या दिवशी सगळी गल्ली दारात लोटली. "आपल्या गल्लीतलं एकही मत फुटलं नाही," बाई गहिवरून म्हणाल्या. तपासनीसांनी समोरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. सगळे जरा जास्तच आशेनं हसत होते. त्यांना काय कळायचं ते कळलं. तेही हसले.

"एवढ्या प्रेमाची परतफेड कशी करू?" बाई पुढे म्हणाल्या. "ठरवलंय. क्लास बंद नाही करायचे. उलट पहाटेची एक बॅच वाढवते, गल्लीतल्या सगळ्यांना मोफत!"

टाळ्या वाजल्या, पण तुरळक.

गर्दी पांगल्यावर काकांनी तपासनीसांना जिन्यात गाठलं. "राज्याच्या निवडणुकीत निवडून आलं, की राजधानीत राहावं लागतं ना हो?"

"बराच काळ."

"तिथं खर्चाची मर्यादा किती असते?"

तपासनीसांनी वर आपल्या दाराकडे एकवार पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चिक्कार असते. पण या खेपेला संमती आधी घ्या. मी मिळवून देतो."