आहेर सरांची बिअर आणि आमचं ‘छान’

आमचे शेजारी आहेर सर पिंपाला कान लावून बसतात. पंचवटीतल्या आमच्या इमारतीत नवा पाहुणा आला आणि सरांचं दार उघडं दिसलं, की तो हमखास विचारतो, यांना बरं नाही का? सर ओठांवर बोट ठेवून म्हणतात, "थांबा, बोलतंय."

बोलत असते ती बिअर. आयटीआयमधून निवृत्त झाल्यावर सरांनी हा उद्योग काढला. मटकीला आणतात तसे सातूला मोड आणायचे, वाळवून भरडायचे, उकळायचे आणि पिंपात भरून आंबवायचं आणि बुडबुडे ऐकायला कान लावायचा. हे कायद्यात बसतं का, ते मला अजून कळलेलं नाही. विचारायला जावं तर हातात वाटी येते. हो, वाटीच. बिअर ते आमटीसारखी वाढतात. स्वतः मात्र थेंबही घेत नाहीत, म्हणे पित्त होतं. न पिणारा माणूस बिअर का करतो, यावर मी फार डोकं शिणवलं.

आम्ही शेजारी दर वेळी ‘छान’ म्हणायचो. एकदा तर चक्क साबणाची चव होती, तरी मी छानच म्हणालो. सर उलट खट्टू झाले. का, ते कळेना.

मग सायखेड्याच्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने परवाना मिळवून शेतात बिअरचा कारखाना घातला आणि सरांना भागीदार केलं. पहिला माल तयार झाला, न्यायला गाडीही आली, आणि सर टाकीचा व्हॉल्व्ह उघडू देईनात. गिऱ्हाईक परत फिरलं असतं तर कारखाना पहिल्याच दिवशी बसला असता. विद्यार्थ्याने रडकुंडीला येऊन मला बोलावून घेतलं.

सरांनी टाकीच्या बाजूच्या बारीक तोटीतून वाटीभर काढून दिली. मी चाखली. "छान आहे, सर."

"तेच तर," सर म्हणाले. "सगळे छानच म्हणता. आमची ही चाखायची ना, तेव्हा तोंड वाकडं करून नावं ठेवायची. त्यावरून पुढची सुधरायचो. ती गेली, आता मला कायच समजत नाय."

काकू आणि बिअर? डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या, चतुर्थी न चुकवणाऱ्या काकू? मी गोंधळून सरांकडे पाहिलं. ते हात बांधून वाट पाहत होते.

पुन्हा घोट घेतला. "कडवट आहे जरा. घसा कोरडा पडतो."

"अजून?"

"फेस लगेच बसतो."

"तिनं याहून लय नावं ठेवली असती," सर म्हणाले आणि व्हॉल्व्ह त्यांनी स्वतः उघडला.