अख्ख्या आफ्रिकेतला सर्वात मोठा हमाम

आमंत्रण नझीहाने द्यायचे होते. पण ती झोपली होती, म्हणून ते रशादने दिले.

झोपली होती म्हणजे बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता. मांडीवर रसायनशास्त्राचे पेपर, हातात लाल पेन, मान सोफ्याच्या पाठीवर. परीक्षांच्या दिवसांत तिची झोप अशीच तुकड्यातुकड्याने होत असे. फोन तेस्तूर या लांबच्या गावाहून आला होता, होणाऱ्या विहिणीचा, मब्रूकाचा. बायकोला उठवणे रशादच्या जिवावर आले. भूगोलाचा शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून घरातले एखादे तरी काम आपण होऊन करावे असे त्याला फार वाटे. फोन घेऊन तो गच्चीत गेला.

मब्रूका म्हणाली, शनिवारी आम्ही तिघी येतो आहोत, मी, आमची मुलगी युसरा आणि यांची आत्या. रशाद म्हणाला, मग त्या दिवशी सकाळी तुम्हाला हमामाला नेतो.

कार्थेजच्या आसपास राहणारे लोक समुद्रकाठच्या रोमन स्नानगृहाच्या अवशेषांना नुसते ‘हमाम’ म्हणतात. तेस्तूरमध्ये मात्र हमाम म्हणजे हमाम: गरम पाणी, वाफ, आणि लग्न ठरताना दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींना नीट पाहून घेण्याची जागा. मब्रूकाने जपून विचारले, मोठा आहे का?

“अख्ख्या आफ्रिकेत याहून मोठा नाही,” रशाद म्हणाला.

गर्दी असते का, असे तिने विचारले. सकाळी चिटपाखरू नसते, असे त्याने सांगितले. आणि गरम? गरम दालनाचे तर विचारूच नका, असे म्हणून त्याने खालच्या भट्ट्यांचे इतके रसभरित वर्णन केले की मब्रूकाला फोनवरच घाम फुटला. फोन ठेवून तिने घरात सांगितले की माणसे तोलामोलाची दिसतात. हमामाचे आमंत्रण विहिणीऐवजी व्याह्यांनी दिले, एवढे मात्र जरा विचित्र. शहरातली पद्धत असेल.

सगळे अडले होते ते या आत्याबाईंवर. युसराच्या वडिलांना हनियाआत्याने वाढवले होते आणि तिच्या होकाराशिवाय ते लग्नाच्या करारावर सही करणार नव्हते. याआधीची दोन स्थळे तिने परतवली होती. मुलगा काय करतो हे ती विचारतच नसे. ती मुलाची आई पाही. तिची स्वतःची सासू नव्वदीपर्यंत जगली होती, आणि तेही काठीसकट.

नझीहाला हे ठाऊक होते. तिचा सोफियान वर्षानुवर्षे जेवणाच्या टेबलावर मुकाट्याने जेवून उठणारा मुलगा. युसराशी ओळख झाल्यापासून तो आपण होऊन मीठ मागू लागला होता. हे लग्न मोडले तर घरात पुन्हा ती शांतता येईल, अशी तिला धास्ती होती. शनिवारी आपण तरतरीत दिसायचे, असे तिने ठरवले. आत्याबाईंना वाटले पाहिजे की मुलगी भक्कम हातांत पडते आहे. त्या सकाळी तिने दोनदा कॉफी घेतली, टाचेचे बूट घातले आणि आरशासमोर डोळे मोठे करून पाहिले. ते आपोआप लहान झाले.

युसराच्या वडिलांनी तिघींना अवशेषांच्या फाटकाशी उतरवले आणि ट्रॅक्टरचा कसलासा भाग शोधायला ते शहरात निघून गेले. हमामाला वेळ लागतोच, त्यामुळे एकदम दुपारनंतर न्यायला येणार होते. पांढरी सफसारी पांघरलेली आत्या पुढे, मागे मब्रूका आणि युसरा. तिघींच्या डोक्याला घट्ट रुमाल आणि हातात भरतकामाच्या फडक्याने झाकलेल्या बादल्या. बादल्यांत तेस्तूरचे चीज असावे असे नझीहाला वाटले. किती आणतात ही माणसे, असेही वाटले.

टोपी घालून, हातात छडी घेऊन रशाद स्वागताला उभा होता. त्याच्याकडे पाहून आत्या थबकली.

“हे पण आत येणार?” तिने नझीहाला हळूच विचारले.

“येणारच की. तेच तर सगळं दाखवतात.”

“दाखवतात?”

“पाहुणे आले की दर वेळी. मागे आमच्या शाळेतल्या सगळ्या बायकांना घेऊन आले होते. त्या तर अजून आठवण काढतात.”

आत्याने आधारासाठी भिंत धरली. मब्रूकाने तिचा दंड धरला. युसराने खाली पाहिले. पण इतक्या लांबून येऊन फाटकातून परतणे म्हणजे मुलाकडच्यांचा उघड अपमान, म्हणून तिघी सफसारीच्या आडोशाने एकमेकींना चिकटून आत शिरल्या, आणि समोर पाहतात तो वर आकाश.

नुसते आकाश, खाली दगड, आणि दगडांपलीकडे समुद्र. एक उंच खांब एकटाच उभा होता. कपडे काढायची जागा शोधत मब्रूका डावीउजवीकडे पाहू लागली.

“छप्पर कुठंय?” आत्याने विचारले.

“पडलं,” रशाद म्हणाला.

“कधी?”

“झाली असतील दीड हजार वर्षं.”

मब्रूकाने, यजमानांना वाईट वाटू नये म्हणून, दुरुस्तीला काढलंय का, असे विचारले. प्रश्नाने रशाद खूश झाला. मग सुरू झाले ते सुरूच राहिले. इथे थंड दालन, तिथे कोमट, पलीकडे गरम. आणि मुख्य गंमत अशी की आपण पाहतो आहोत हा हमाम नव्हेच, हे तळघर. नोकरांची आणि सरपणाची जागा. खरा हमाम या डोक्यावर होता, तो गेला.

“म्हणजे आम्हाला सरपणाच्या खोलीत आणलंत,” आत्या म्हणाली.

“अगदी बरोबर!” रशाद म्हणाला. इतके चटकन कुणाला कळत नाही, असेही त्याने सांगितले.

ऊन वर आले. नझीहा सर्वांच्या मागे चालत होती, म्हणजे प्रत्येक दगडाशी बसावेसे वाटून न बसता चालत होती. टाच फटीत अडके, ती सोडवी, हसरा चेहरा करी. पाहुण्यांचे मात्र तिला आश्चर्य वाटत होते. रशादच्या व्याख्यानाला घरचे कंटाळत, शेजारी पळ काढत. या तिघी भुवया उंचावून, डोळे विस्फारून ऐकत होत्या. जसजसा वेळ जाई तसतशा भुवया आणखी वर जात. रशादला असा श्रोता आयुष्यात मिळाला नव्हता. तो चढत्या भुवयांकडे पाहून आणखी रंगात येई.

नझीहाला मात्र ते पटेना. गरम दालनाच्या हकिगतीला भुवया वर जाणे एकवेळ ठीक. पण रशाद शिंकला, तेव्हाही त्या खाली आल्या नाहीत. तिने जवळ जाऊन पाहिले. रुमालाच्या कडेखाली कपाळावर करड्या रंगाची एक कोरडी रेघ होती आणि तिला बारीक भेगा पडल्या होत्या. वास गुलाबपाण्याचा होता. तफल: केसांना लावून हमामात धुऊन काढतात ती माती. पाणी उडून जाते तशी ती आकसते आणि तिच्याबरोबर कातडीही ओढली जाते. यात आश्चर्य किंवा इतिहासप्रेम यांचा संबंध नव्हता.

मग बादल्या, सफसारी, फाटकाशी विचारलेला प्रश्न आणि आपण दिलेले उत्तर एकामागून एक जागेवर बसत गेले, आणि नझीहाला खरोखरच बसावे लागले.

“मब्रूकाबाई,” ती हळूच म्हणाली, “बादलीत काय आहे हो?”

“अंग घासायचा मोजा, साबण, टॉवेल,” मब्रूकाने तितक्याच हळू सांगितले. “थोडी संत्री. माती घरूनच लावून आलो. म्हटलं, तेवढाच वेळ वाचेल.”

मब्रूकाला रडू येत होते, पण ताणलेल्या चेहऱ्यामुळे तिला ते जमत नव्हते.

आत्याला सांगितले तेव्हा तिने कपाळाला आठ्या घालायचा प्रयत्न केला. त्या पडेनात. त्यामुळे ती जे बोलली ते सारे कौतुकाच्या चेहऱ्याने बोलली. नवरीसाठी बांधलेले हमामाचे सामान कोरडे परत नेत नाहीत, असे तिने बजावले. आणि हे डोके घेऊन ती दुपारपर्यंत थांबणार नव्हती. ज्या घरात साध्या हमामाचा असा बोजवारा होतो त्या घरात मुलगी द्यायची का, हे तिने विचारले नाही. पण तिने युसराचा हात आपल्या हातात घेतला, आणि नझीहाला तेवढे पुरले.

एका पडक्या भिंतीमागे, झाडांजवळ एक नळ होता. तिघींना घेऊन नझीहा तिकडे निघाली तोच शिट्टी वाजली आणि पहारेकरी धावत आला. बादल्या पाहून तो आधीच संशयात होता.

“इथं पाणी सांडायची बंदी आहे.”

“हा हमाम आहे ना?” आत्याने विचारले.

“आहे.”

“मग?”

“जुना आहे. नळ झाडांसाठी आहे. बायकांसाठी नाही.”

रशादने मध्ये पडून रोमन लोकांच्या पाणीपुरवठ्याचा दाखला दिला, तेव्हा पहारेकऱ्याचा चेहरा आणखी कठोर झाला. नझीहाने नवऱ्याला हाताने बाजूला केले. एरवी ती कुणाशी वाद घालत नसे. पण वाद टाळायलाही थोडी ताकद लागते आणि ती आता संपली होती.

“हे बघा दादा,” ती म्हणाली, “यांच्या डोक्यावर माती आहे. ती वाळत आलीये. अजून थोड्या वेळानं तिचे तुकडे पडायला लागतील, या सगळ्या आवारात. मग संध्याकाळी तुमचे तुकडे कोणते आणि आमचे कोणते, ते तुम्ही निवडत बसा.”

पहारेकऱ्याने आत्याच्या कपाळाकडे पाहिले. त्याच क्षणी भुवईवरून एक खपली निघून दगडावर पडली. ती त्याने उचलली, उलटसुलट केली, आणि कुठे ठेवावी हे न कळून खिशात टाकली. मग म्हणाला, नळ भिंतीमागे आहे, तिकडे कुणी येत नाही, पण लवकर आटपा. स्वतः तो पाठ करून वाटेवर उभा राहिला. रशादला त्या एकट्या उंच खांबापाशी, समुद्राकडे तोंड करून थांबायला सांगण्यात आले. तिथे त्याला दोन जर्मन प्रवासी भेटले, त्यामुळे त्याची चिंता करावी लागली नाही.

भिंतीमागे पाणी बर्फासारखे होते. मब्रूका किंचाळायचे टाळत होती. युसराने आधी आत्याचे केस धुतले, मग आईचे, मग स्वतःचे. भुवया एकेक करून खाली आल्या आणि चेहरे पुन्हा ओळखीचे झाले. नझीहाने पुढे होऊन मदत करायला हवी होती. होणारी सासू म्हणून बादली भरून द्यायला हवी होती, दोन गोड शब्द बोलायला हवे होते. त्यासाठी ती दगडावरून उठलीही. पण उठताना बूट काढावेत असे वाटले, आणि बूट काढायला पुन्हा बसावे लागले.

आत्या समोर येऊन उभी राहिली. हातात खरखरीत मोजा चढवलेला होता. आठ्या आता नीट पडत होत्या.

“हात द्या,” ती म्हणाली.

नझीहाने हात दिला. तेस्तूरमध्ये याच वेळी मुलीकडच्या बायका मुलाच्या आईची परीक्षा घेतात हे तिला माहीत होते, आणि आपण ताठ बसायला हवे हेही. आत्या शेजारी बसून मनगटापासून कोपरापर्यंत घासत गेली, मग दुसरा हात, मग मान. बोटांवर लाल शाई होती, ती घासून काढली. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरूनही तिने मोजा फिरवून पाहिला. ती निघाली नाहीत. ऊन पाठीवर येत होते. नझीहाची मान हळूहळू आत्याच्या खांद्याकडे कलली आणि तिथेच टेकली.

मब्रूका घाबरली. उठवू का, असे तिने खुणेने विचारले. आत्याने नकारार्थी मान हलवली. ते डोके खांद्यावर तसेच राहू देत ती हलक्या आवाजात म्हणाली:

“नवऱ्याला सांग, सही करून टाक म्हणावं.”

“पण आत्या, आजचा हा सगळा गोंधळ?”

“गोंधळ त्या माणसाचा. मी बाईला बघायला आले होते.” आत्याने मोजा पिळला. “आजवर पाहिल्या त्या सगळ्या नुसत्या उसळत होत्या गं. सुनेला छळायचं तर पहाटे उठावं लागतं, मागे मागे फिरावं लागतं, एकेक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हिच्यानं यातलं काय होणार? आपली पोर सुखात राहील.”

नझीहाने हे सगळे ऐकले होते. तिला यावर चांगले सणसणीत उत्तरही सुचले होते. पण ते द्यायला डोळे उघडावे लागले असते.