दाण्यांचा डोस

"झालं," डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "मुंगीची शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी गेली."

मुंगीच्या आईने पर्समधल्या तातडीच्या इंजेक्शनवरचा हात काढला नाही. सकाळपासून मुंगीला दवाखान्यात बसवून, कुस्करलेल्या केळ्यातून दाण्याची पूड आधी कणभर, मग चिमूटभर, मग चांगली चमचाभर भरवली होती. दर वेळी आई मुंगीच्या ओठांकडे अशी बघत होती, जणू तिथे बॉम्बच फुटणार आहे. एकही पुरळ उठलं नाही. मुंगी आता खुर्चीवर पाय हलवत 'अजून केळं' मागत होती.

"गेली म्हणजे कुठे गेली?"

"शरीर मोठं होता होता शिकतं हो. सगळ्यांचं नाही शिकत, पाच मुलांमधल्या एखाद्याचं. हिच्या रक्ताचे आकडे उतरत होते, म्हणून तर आज हे धाडस केलं. आणि तेही इथे, घरी नाही. आता आठवड्यातून दोन-तीनदा थोडे दाणे खायला घालायचे. बंद केलेत तर परत यायची."

ही बातमी कुणाला तरी सांगावी म्हणून आईने रिक्षातच फोन काढला. मुंगीचे बाबा जहाजावर होते. मेसेज एका टिकवर अडकून बसला. मैत्रिणींच्या ग्रुपमधून ती केव्हाच बाहेर पडली होती; तिथे सारखे खाण्याचे फोटो येत. शेवटी तिने रिक्षावाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "पुढे डावीकडे ना?"

घराच्या दारावर तिच्याच अक्षरातली पाटी होती : 'दाणे खाऊन आला असाल तर कृपया बेल वाजवू नये.' मुंगी दोन वर्षांची असताना लावलेली. आता मुंगी सहा वर्षांची होती. लोकांनी ती विनंती इतकी मनावर घेतली होती, की दाणे न खाल्लेलेही बेल वाजवत नसत. वाढदिवसाला दोघीच केक कापत आणि दोघीच टाळ्या वाजवत.

आईने पाटी ओढली, पण चिकटपट्टी जुनी झाली होती. एक कोपरा निघाला, बाकीची पाटी तशीच राहिली. 'संध्याकाळी बघू,' म्हणून ती दाणे आणायला खालच्या दुकानात गेली.

"भाजलेल्या शेंगा द्या पावशेर."

दुकानदाराने वजनकाट्यावरचा हात मागे घेतला. "तुम्हाला? नाही मिळणार."

"अहो, मुंगीला हव्यात."

"मुंगीला?" तो गल्ल्यामागून उठूनच उभा राहिला. "वहिनी, तुम्हीच मला शपथ घातली होती. 'मी येऊन रडले तरी दाणे द्यायचे नाहीत,' म्हणालात."

"मी रडतेय का?"

"हसताय. ते जास्त वाईट."

शेवटी ती दोन गल्ल्या पलीकडच्या, तिला न ओळखणाऱ्या दुकानातून शेंगा घेऊन आली. पुडी पदराखाली झाकून ती जिना चढत असताना खालच्या दुकानदाराने तिला पाहिलंच.

घरी तिने शेंगा परातीत ओतल्या. चार सोलून दाणे मुंगीपुढे धरले. "खा बाळा."

मुंगी भिंतीला चिकटली. बोलायला लागल्यापासून तिच्याकडून एकच धडा घोटून घेतलेला होता : कुणी दाणे दिले तर 'नाही' म्हणायचं, पळायचं आणि मोठ्याने ओरडायचं. मुंगी गुणी पोर. तिने तिन्ही गोष्टी त्याच क्रमाने केल्या.

"वाचवा! आई मला दाणे खायला घालतेय!"

जिना दणाणला. समोरच्या काकू हातात झारा घेऊन बाहेर आल्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर एकाच चपलेत उतरले. खालून दुकानदार धापा टाकत चढला, "मला वाटलंच होतं!" आणि पाटीसमोर तिघेही थबकले.

"मी सकाळी दाणे खाल्लेत," काकू कुजबुजल्या. "येऊ का नको?"

"या हो! सगळे या!" आई आतून ओरडली.

तरी पाटीच्या धाकाने तिघांनी आधी बेसिनपाशी रांग लावून हात धुतले. मग आईने डॉक्टरीणबाईंना फोन लावून तो स्पीकरवर ठेवला. सगळं ऐकून मास्तरांनी दोनदा उलटतपासणी घेतली.

"म्हणजे आपोआप गेली?" काकू सोफ्यावर टेकल्या. "आमच्या धाकट्याची दुधाची गेली होती, तश्शी."

"काकू, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुठे बोलणार? तुझं दार बंद."

मग बोलणं लांबलं. मास्तरांना वांग्याने खाज येते, हे त्यांच्या बायकोलासुद्धा माहीत नव्हतं. बोलता बोलता हात परातीकडे जात होते. टरफलं फरशीवर पडत होती. "खमंग आहेत," दुकानदार नाराजीने म्हणाला. "माझ्याकडच्या नाहीत, पण खमंग आहेत."

मुंगी पडद्याआडून बघत होती. परातीत शेवटची शेंग उरली आणि मास्तरांनी हात पुढे केला.

"ती माझी आहे!" मुंगी धावली. तिने शेंग फोडली आणि दाणे तोंडात टाकून कराकरा चावले.

चार मोठी माणसं एका छोट्या तोंडाकडे बघत राहिली. आईचा हात पुन्हा पर्सकडे गेला.

"मीठ नाही यात," मुंगी म्हणाली.

चहा झाला, दुसऱ्यांदाही झाला. मग दुकानाची वेळ झाली, काकूंची भाजी लागली, मास्तरांना दुसरी चप्पल आठवली. दार लागलं. घर पुन्हा नेहमीसारखं झालं, फक्त फरशीभर टरफलं होती. आईने केरसुणी हातात घेतली आणि परत कोपऱ्यात ठेवली.

पुढचा डोस परवा होता. तिने मुंगीला मांडीवर ओढलं आणि हळूच विचारलं, "परवा पण अशीच ओरडशील ना गं?"